दुखण्याआधी पाहणाऱ्या कमलताई

दिवाळीच्या सुमारास आमच्या खुलताबादला यायचं झालं, तर दौलताबादच्या घाटाने या. रस्त्याच्या कडेने बायका सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या दिसतील. फळाचे डोळे किती उघडलेत ते बघून त्या सांगतात, हे उद्याला होईल, ते परवाला. फळ न दाबता, न फोडता. नासायच्या आधीच त्याच्याकडे बघायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र आपलं सगळं उलटं असतं. दुखलं की बघू, आणि दुखलं तरी सणवार उरकले की बघू!

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका मैत्रिणीबरोबर शहरातल्या डॉक्टरांकडे गेले होते. वय तिचं चव्वेचाळीस. तीन आठवडे पोट फुगल्यासारखं वाटत होतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी लिहून दिली आणि सहज विचारलं, घरात कुणाला कॅन्सर होता का? आमच्यात कुणाला काही नाही, असं ही पटकन सांगून मोकळी झाली. परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत मला हळूच म्हणाली, की तिची सख्खी आत्या चाळिशीतच स्तनाच्या कॅन्सरने गेली आणि आत्याच्या आईला, म्हणजे हिच्या आजीला, शेवटी शेवटी पोटात पाणी होत होतं. मग सांगितलं का नाहीस? तर एक म्हणजे लेकीला स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. आणि दुसरं, हे सगळं तर वडिलांकडचं. बाईच्या आतल्या दुखण्याशी बापाच्या घराण्याचा काय संबंध?

मला त्या क्षणी आठवल्या डॉ. कमल रणदिवे. एकाच घराण्यात कॅन्सर पुन्हा पुन्हा का येतो, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी अगदी सुरुवातीला हाती घेतला त्यांच्यातल्या त्या एक. नवलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या संशोधनाची सुरुवातही सीताफळाच्या कुळापासूनच झाली होती.

कमलचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. म्हणजे ऐन सीताफळांच्या दिवसांतला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आई शांताबाई. मुलांनी उत्तम शिकलं पाहिजे, हा वडिलांचा आग्रह, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नव्हता. शाळा हुजूरपागा. अभ्यासात हुशार असलेल्या या मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टर मुलाशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. कमलच्या मनात वेगळंच होतं. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि विशेष प्राविण्यासह बी. एस्सी. झाली.

पुढचं शिक्षण पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात. तिथे तिने विषय घेतला तो पेशींचा आणि त्यांतल्या गुणसूत्रांचा. अभ्यासासाठी निवडलं सीताफळाचं कुळ. रामफळ, हिरवा चाफा हे सगळे त्याच कुळातले भाऊबंद. वरून इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या झाडांचं नातं सूक्ष्मदर्शकाखाली, पेशीच्या आतल्या गुणसूत्रांवरून जोडायचं. आज शाळेतल्या पोरीही गुणसूत्रं म्हणजे काय ते सांगतील. पण तो काळ आठवा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे पक्कं ठरलं १९५६ साली! त्याच्या कितीतरी आधी ही पुण्याची मुलगी झाडांची घराणी गुणसूत्रांवरून तपासत होती.

मधल्या काळात, १९३९ च्या मे महिन्यात लग्न झालं. मुलगा डॉक्टर नव्हता, गणिताचा माणूस होता. जे. टी. रणदिवे. लग्न झालं म्हणून शिक्षण थांबलं नाही. चार वर्षांनी, १९४३ साली कमलने एम. एस्सी. पूर्ण केलं, आणि त्यात नवऱ्याची मोठी साथ होती. त्या काळात घरातून अशी साथ मिळणाऱ्या बायका किती असतील, विचार करा.

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला हललं. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय नुकतंच, १९४१ साली सुरू झालं होतं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. रोग झालेल्या पेशींचा अभ्यास हे त्यांचं शास्त्र, आणि भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया त्यांनीच घातला. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि झाडांवरून उंदरांकडे वळल्या.

उंदीर कशाला, असं वाटेल. सांगते. प्रयोगशाळेत उंदरांची काही घराणी अशी तयार केलेली असतात, की पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींचीच पैदास करून त्यातले सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे झालेले असतात. एका घराण्यातल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर होतो, दुसऱ्या घराण्यात क्वचितच कुणाला. पिंजरा तोच, दाणा तोच, पाणी तेच. मग फरक कुठे?

खानोलकर आणि कमलताईंनी अशी चार घराणी घेतली. कॅन्सरचा धोका प्रत्येकाला कमीजास्त असलेली. आणि त्यांनी गाठी तपासल्या नाहीत, तर गाठ होण्याआधीचे, निरोगी स्तन तपासले. ज्या घराण्याला रोग होणार आहे, त्याच्या धडधाकट पेशींत आधीपासूनच काही वेगळं दिसतं का, हा त्यांचा प्रश्न. हा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला. १९४९ साली कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे. रोग होईपर्यंत वाट न बघता निरोगी अवयवाकडे बघायचं.

खानोलकरांनी त्यांना परदेशी जाण्याचा आग्रह केला. शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, ही तिथली विद्या. टिश्यू कल्चर म्हणतात तिला. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढल्या आणि वाढतच राहिल्या. जगभर आजही त्या पेशींवर संशोधन होतं. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी गेली. आपल्या पेशी काढून घेतल्या, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं नि सांगितलंही नव्हतं. बायकांच्या देहातून शास्त्र किती पुढे गेलं आणि त्या बायकांची नावं किती मागे राहिली, याचं हे एक उदाहरण.

कमलताई अमेरिकेत रमल्या नाहीत. शिकून परत आल्या. पुढे आयुष्यभर त्या परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना सांगत राहिल्या, की शिका आणि इथे येऊन काम करा. स्वतः तसं केलेलं असल्यामुळे त्यांच्या सांगण्याला वजन होतं.

मुंबईत १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथे कमलताईंनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ही अशी पहिली प्रयोगशाळा. आणि त्यांच्या कामाचा खरा विस्तार इथे झाला.

उंदरांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं एक कोडं होतं. जास्त कॅन्सर असलेल्या घराण्यातली पिल्लं जन्मल्याबरोबर दुसऱ्या घराण्यातल्या मादीच्या दुधावर वाढवली, तर त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण घटत असे. म्हणजे उंदरिणीच्या दुधातून काहीतरी पिल्लांकडे जात होतं. तो एक विषाणू निघाला. पण नुसता विषाणू पुरत नसे. घराण्याकडून आलेला कल लागायचा, शरीरातल्या हॉर्मोन्सची साथ लागायची. या तिन्ही गोष्टी एकमेकांत कशा गुंततात, यावर कमलताईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता आणि स्तनाचा कॅन्सर यांचं नातं मांडणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं ते यासाठी.

इथे तान्ह्या बाळांच्या आयांना घाईने सांगून टाकते. हे उंदरांचं झालं. आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कॅन्सर होतो, असं माणसात सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो.

तर कमलताईंच्या कामातून जी गोष्ट समजते ती अशी. घराण्याकडून येतो तो कल. रोग जसाच्या तसा ताटात वाढून येत नाही. मधे बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात, आणि म्हणूनच मधे आपल्याला काही करता येण्याची जागाही असते.

काम फक्त कॅन्सरचंच नव्हतं. कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळालेले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामात त्या खानोलकर आणि डॉ. बापट यांच्याबरोबर होत्या. त्या जिवाणूंवरून पुढे कुष्ठरोगाच्या लशीचे प्रयत्न झाले. १९६४ साली मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे होती. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. १९८२ साली पद्मभूषण मिळालं.

पण कमलताईंचं मोठेपण मला आणखी एका गोष्टीत वाटतं. प्रयोगशाळेत एवढी वर्षं काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की मुली विज्ञान शिकतात, पदव्या घेतात आणि मग कुठेतरी गळतात. लग्न होतं, मूल होतं, बदलीचं गाव येतं. १९७३ साली त्यांनी सहकारी महिलांना घेऊन इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संघटना उभी केली. तिचं काम आज वाशीला चालतं. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, लहान मुलांसाठी पाळणाघर अशा गोष्टी तिथे आहेत. शास्त्रज्ञ बाईला पुरस्कारापेक्षा आधी पाळणाघर लागतं, हे एका आईलाच सुचू शकतं! कमलताईंनाही एक मुलगा होता.

आणि निवृत्तीनंतर? आरामखुर्चीत बसून मानमरातब घ्यायचे दिवस होते. कमलताई गेल्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. सत्यनिकेतन या संस्थेच्या सोबतीने आदिवासी मुलांच्या खाण्यापिण्याचा, पोषणाचा अभ्यास केला. गावच्या बायांना आरोग्याच्या साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. जिने आयुष्यभर पेशी पाहिल्या ती उतारवयात पोरांची ताटं पाहत होती. दोन्हीकडे पद्धत तीच, आजार बळावायच्या आधी बघायचं.

२००१ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या ८४व्या वर्षी कमलताई गेल्या. २०२१ साली त्यांच्या जन्मदिवशी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणींनी हे नाव पहिल्यांदा वाचलं.

आता त्या वडिलांकडच्या घराण्याचा काय संबंध, या प्रश्नाकडे येऊ.

कमलताई सत्तरीत होत्या तेव्हा, १९९० साली अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग या संशोधक बाईंनी दाखवून दिलं, की काही घराण्यांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या येतो त्यामागचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते जनुक नेमकं हाती लागलं. त्याला बीआरसीए-१ म्हणतात. वर्षभरात त्याची जोडीदारीण बीआरसीए-२ ही सापडली.

ही जनुकं मुळात वाईट नाहीत बरं का. ती प्रत्येकाच्या शरीरात असतात आणि त्यांचं काम रफूचं आहे. पेशीतल्या डीएनएचा धागा रोज कुठे ना कुठे तुटत असतो. तो जोडायचं काम यांचं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एखादीला जन्मतःच यातली एक प्रत बिघडलेली मिळते. दुसरी प्रत काम निभावून नेते, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की तिथलं रफूकाम बंद पडतं. विरलेल्या कापडाला भोकं पडत जावीत तशा त्या पेशीत चुका साठत जातात. त्यातून कॅन्सर होऊ शकतो. स्तनाचा, आणि अंडाशयाचाही.

बिघडलेली प्रत आईकडून येते तशीच वडिलांकडूनही येते. वडिलांना अंडाशय नसतं, म्हणून त्यांच्यात तो रोग दिसत नाही. पण जनुक त्यांच्याकडे असू शकतं आणि ते लेकीकडे किंवा लेकाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. म्हणून आत्या आणि वडिलांची आई हिशेबात धरायलाच हवी. बीआरसीए-१ मधला असा बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी वयाच्या ऐंशीपर्यंत साधारण ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ मध्ये साधारण १७ जणींना, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. एरवी हे प्रमाण शंभरात एक-दीडच्या पुढे जात नाही. म्हणजे धोका खूप वाढतो हे खरं, पण बिघाड असलेल्या सगळ्यांनाच रोग होतो असंही नाही. कमलताईंच्या उंदरांसारखंच.

आणि आता ती निरोगी अवयवाकडे बघण्याची गोष्ट. कमलताई गेल्या त्याच वर्षी, २००१ साली, नेदरलँडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घराण्यात धोका असल्यामुळे ज्या बायकांनी रोग होण्याआधीच ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यांच्या बीजवाहिन्या त्यांनी बारकाईने तपासल्या. बीजवाहिनी म्हणजे अंडाशयापासून गर्भाशयापर्यंत जाणारी नळी. या धडधाकट बायकांच्या नळ्यांमध्ये पेशी बदलायला लागलेल्या दिसल्या. पुढच्या काही वर्षांत हे पक्कं होत गेलं, की अंडाशयाचा म्हणून जो सगळ्यात नेहमी आढळणारा आणि घातक कॅन्सर आहे, तो बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो नळीच्या टोकाला, अंडाशयाजवळ जी झालर असते तिथे.

तिथे आधी पी-५३ नावाच्या जनुकात बिघाड होतो. हे जनुक पेशीचं राखणदार. चुका साठलेल्या पेशीला थांबवायचं काम त्याचं. राखणदार गेला की बिघडलेल्या पेशी वाढत जातात, मग तिथून अंडाशयावर आणि पोटात पसरतात. मोजक्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज असा, की नळीतल्या त्या पहिल्या बारीक डागापासून अंडाशयात कॅन्सर उभा राहायला सरासरी साडेसहा वर्षं लागतात. साडेसहा वर्षं! आणि त्या सगळ्या काळात बाईला काही म्हणता काही जाणवत नाही. आपल्या आज्या पोटात पाणी होऊन गेल्या, तेव्हा त्या आजाराची सुरुवात किती आधी झालेली असेल, बघा.

आता प्रत्यक्षात करायचं काय, ते सांगते.

या कॅन्सरसाठी सगळ्या बायकांना उपयोगी पडेल अशी खात्रीची चाळणी तपासणी अजून नाही. गर्भाशयमुखासाठी करतात त्या पॅप तपासणीत हा कळत नाही. म्हणून लक्षणं आणि घराण्याची माहिती, या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. पोट सतत फुगलेलं, थोडं खाल्लं की भरलं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं. यातलं काही नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोजचं झालं, तर वात म्हणून ओवा चघळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा कारण साधंच निघतं. पण ते डॉक्टरांनी सांगू दे.

घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, कमी वयात स्तनाचा झाला असेल, एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. आनुवंशिक तपासणी रक्तावर होते. ती आधी शक्यतो ज्या व्यक्तीला रोग झालाय तिची करतात, म्हणजे उत्तर नीट मिळतं. आणि ती समुपदेशनानंतर, बाईच्या संमतीनेच व्हायला हवी. हेन्रिएटाच्या वेळी झालं तसं होता कामा नये. अंडाशयाच्या कॅन्सरच्या साधारण पाच रुग्णांमागे एकीमध्ये असा जन्मतः आलेला बिघाड सापडतो, म्हणून ज्यांना हा रोग झालाय त्यांनी घराण्यात कुणाला नसलं तरी तपासणीबद्दल विचारावं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. मुंबईत टाटामध्ये तर आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळा विभागच आहे.

बिघाड सापडलाच, तर मुलंबाळं झाल्यावर, साधारण पस्तिशी-चाळिशीनंतर नळ्या आणि अंडाशयं काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्याने धोका पुष्कळ कमी होतो. पण पाळी एकदम जाते, त्याचे त्रासही होतात. म्हणून हा निर्णय तपासणीच्या कागदावरच घ्यायचा, भीतीवर नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे. आपल्या मराठवाड्यात पिशवी काढून टाक म्हणजे कॅन्सरची भीती गेली, असं ऐकून कितीतरी बाया तिशीतच ऑपरेशनला तयार होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं, ते आपण विसरलो नसू. नुसती पिशवी काढल्याने अंडाशयाच्या कॅन्सरपासून सुटका होत नाही. पिशवीचं दुखणं वेगळं, हे वेगळं. कमलताईंसारखी आयुष्यभर एकेक पेशी न्याहाळणारी बाई हे आधी विचारेल, की तपासलं काय आणि सापडलं काय?

राहिली ती लग्नाची गोष्ट. घराण्याचं दुखणं सांगितलं की पोरीचं जमत नाही, ही भीती खोटी नाही. मी तिला तसं म्हणालेही नाही. एवढंच म्हणाले, की ज्या लेकीचं लग्न व्हावं म्हणून तू हे दडवतेस, उपयोग झाला तर तिलाच सगळ्यात जास्त होणार आहे. डॉक्टरांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं असं होत नाही.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. या वेळी तिने आत्या, आजी सगळं सांगितलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, त्रास पोटाच्या साध्या तक्रारीचा होता. पण डॉक्टरांनी तिला घराण्याचा तक्ता करायला सांगितला. कोण, कितव्या वर्षी, कशाने. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो आम्ही दोघींनी मिळून मांडला. वडिलांकडची बाजू भरायला तिला पुण्याच्या आतेबहिणीला फोन करावा लागला. दोघी दहा वर्षं बोलल्या नव्हत्या. फोन अर्धा तास चालला, आणि मग कळलं की आतेबहिणीवरही दोन वर्षांपूर्वी स्तनाचे उपचार झालेत. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. आता पहिली तपासणी तिची होणार आहे. उत्तर काय येईल ते येईल.

मैत्रिणींनो, भाऊबीजेला आपण सगळ्या एकत्र जमतो. आत्या असते, मावशी असते, भाऊ असतो. फराळाचं आवरलं की एकदा विचारून घ्या, आजी कशाने गेली, आत्याला नेमकं काय झालं होतं. आणि भावालाही त्या बोलण्यात बसवा. जे त्याच्याकडे असेल, ते त्याच्या लेकीकडे जाऊ शकतं.